१०८ मध्ये डॉक्टरच हवा, की शिकलेला तंत्रज्ञ चालेल?

वणीकर (धागाकर्ता):
१०८ रुग्णवाहिकेच्या प्रत्येक गाडीत डॉक्टर असतो, याचा आपल्या राज्याला फार अभिमान. २०१४ मध्ये सेवा सुरू झाली तेव्हा ९३७ गाड्या आल्या. त्यातल्या २३३ व्हेंटिलेटरवाल्या, बाकीच्या ७०४ साध्या. आंध्र आणि गुजरातची १०८ मात्र प्रशिक्षित तंत्रज्ञांवर चालते. डॉक्टर कंट्रोल रूममध्ये बसून फोनवर सांगतो, गाडीतला माणूस ते करतो.

माझं म्हणणं, यवतमाळ-गडचिरोलीसारख्या जिल्ह्यांत डॉक्टरचा हट्ट सोडा. पक्क्या इमारतीतल्या पीएचसीत (प्राथमिक आरोग्य केंद्रात) जिथे डॉक्टर टिकत नाही, तिथे कंत्राटावर गाडीत रात्रपाळी करायला कोण टिकेल? त्याच पैशात तालुक्यातलीच पोरं-पोरी शिकवून घ्या आणि गाड्या वाढवा.

शिवाय रस्त्यात जीव वाचतो तो बहुतेकदा साध्या गोष्टींनी. ऑगस्ट-सप्टेंबरात तालुक्याच्या दवाखान्यासमोर थोडा वेळ उभं राहा. फवारणीत विष भिनलेला माणूस पिकअपमधून उतरवतात. तोंडाला फेस, डोळ्यातल्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या, आणि अंगात औषधानं चिंब शर्ट तसाच! म्हणजे वाटभर विष कातडीतून मुरतच आलं. शर्ट काढणं, साबण-पाण्यानं अंग धुणं, कुशीवर वळवून तोंडातली लाळ ओढून घेणं, याला पदवी लागत नाही. २०१७ मध्ये आपल्याच यवतमाळ जिल्ह्यात या विषबाधेनं २० च्या वर माणसं गेली, तरी हे शिकवलेला माणूस गावाजवळ नाहीच.

पीएचसीवाला:
मी सरकारी डॉक्टर आहे, त्यामुळे पक्षपाती म्हणा. शर्ट काढायला पदवी लागत नाही, मान्य. पण पुढचं? त्याच पेशंटला ॲट्रोपिन, म्हणजे या विषावरचा उतारा, द्यायचं असतं, तेही छातीतला घरघराट कमी होईपर्यंत पुन्हा पुन्हा, डोस वाढवत. कमी पडलं तर फुफ्फुसात पाणी भरून पेशंट जातो, जास्त झालं तर वात झाल्यासारखा बडबडतो, ताप चढतो. स्टेथो लावून ऐकायचं, ठरवायचं, पुन्हा ऐकायचं. हा निर्णय आहे, कृती नाही. फ्रान्समध्ये गंभीर पेशंटकडे आजही डॉक्टर गाडीतून जातो. ते काय वेडे आहेत?

कापूसकोंडा:
भाऊ, तुमचं दोघायचंबी खरं हाय. पण आमच्या गावाले गाडी आली तं त्यात डॉक्टर बसला का तंत्रज्ञ, हे पाहू ना! फोन लागते पुण्याले. तिकून बाई इचारते, "कोणतं खंडाळा? तालुका? जवळची खूण?" आपल्याकडं खंडाळे, पिंपऱ्या अन् सावरगावं काय कमी हायेत का? हे सांगता सांगता पेशंटले बाजेवर टाकून लोकं निंगून बी जातात.

झाडीपट्टी:
@पीएचसीवाला, फ्रान्सचं उदाहरण इथे लागू होत नाही. आपल्या १०८ मधले बहुतेक डॉक्टर आयुर्वेद-होमिओपॅथीचे पदवीधर. इमर्जन्सीचं शिक्षण त्यांना नोकरी लागल्यावरच मिळतं. म्हणजे 'डॉक्टर' ही पाटी राहिली, बाकी तेही प्रशिक्षणावरच चालतात. मग जी व्यक्ती पहिल्यापासून फक्त हेच शिकते, ती कमी कशी?

आणि गडचिरोलीत हा प्रयोग झालेला आहे. डॉ. अभय आणि राणी बंग यांनी ३९ गावांत गावातल्याच बायकांना नवजात बाळ सांभाळायला शिकवलं. श्वास न घेणाऱ्या बाळाला श्वास देण्यापासून जंतुसंसर्गावर इंजेक्शन देण्यापर्यंत. नवजात मृत्यू निम्म्याहून खाली आले, १९९९ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापून आलं. तेव्हाही "अडाणी बाईच्या हातात सुई?" म्हणणारे होतेच.

पीएचसीवाला:
बंगांचं नाव सगळेच घेतात, पण अर्धंच घेतात. त्या आरोग्यदूत बायका मोकळ्या सोडलेल्या नव्हत्या. मागे देखरेख होती, नोंदी तपासल्या जायच्या, शंका आली तर विचारायला माणूस होता. ठेकेदाराच्या गाडीतल्या तंत्रज्ञाची नोंदवही कोण तपासणार? अर्धवट शिकवून लाल दिव्याच्या गाडीत बसवला की तोच उद्या गावात 'डॉक्टरसाहेब' होऊन सलाईन लावत फिरेल. असे नमुने आपल्याकडे कमी नाहीत.

आशाताई_मारेगाव:
तुमची चर्चा १०८ वर. आमचा जीव अडकतो १०२ मध्ये. गरोदर बाई आणि तान्ह्या बाळासाठीची गाडी, फुकट, चांगली सोय. पण आमच्याकडे येते त्या गाडीत ड्रायव्हर असतो आणि मी असते. रस्त्यात बाळ खाली आलं तर नाळ, रक्तस्राव, बाळ न रडणं, सगळं माझ्यावर. मला त्याची परवानगी आहे का? नाही. टाळता येतं का? नाही. मला इंजेक्शन टोचायची हौस नाही. पण मागे बसणाऱ्या बाईला काय करू द्यायचं ते लिहून द्या, आणि त्याचा मोबदलाही लिहा.

मेळघाटी:
मी विरोधात आहे आणि कारण वेगळं आहे. पुण्या-मुंबईत डॉक्टर आणि कोरकूंना तंत्रज्ञ? स्वस्तातलं सगळं आदिवासी भागातच का आणता? चिखलदऱ्याच्या घाटात गाडी जिल्ह्याला पोचायला काही तास लागतात. मण्यार चावलेला पेशंट घ्या. दुखत नाही, सूज नाही, आधी पापण्या जड होतात, मग गिळता येत नाही, मग श्वास थांबतो. खरं तर डॉक्टर सर्वात जास्त इथेच लागतो.

वणीकर:
@मेळघाटी, तुमचा राग रास्त आहे. पण उदाहरण माझ्या बाजूचं दिलंत. श्वास थांबलेल्या मण्यारवाल्याला वाटेत जगवते ती तोंडावर घट्ट बसवलेली अंबू बॅग (हाताने दाबून श्वास द्यायची पिशवी) आणि न थकता ती दाबणारा हात. प्रतिविष दवाखान्यात गेल्यावर. डॉक्टर मिळत असेल तर हवाच, कोण नाही म्हणेल? मी विचारतोय, तो नसेल तर गाडी उभी ठेवायची का?

@आशाताई, तुमचा मुद्दा मूळ धाग्यातच यायला हवा होता. २०२१ च्या केंद्राच्या कायद्यात पॅरामेडिक (म्हणजे गाडीतला असा शिकलेला तंत्रज्ञ) हा आरोग्य व्यवसाय म्हणून धरला आहे. तेव्हा काय करायचं, काय नाही, हे कागदावर आणायला वाट आहे.

कापूसकोंडा:
कागदावर रेंज बी आणा मंग. फोनवरून डॉक्टर सांगन म्हणता, झरीकडच्या वाटेनं टावर कुठी हाय?

पीएचसीवाला:
@कापूसकोंडा यांनी नेमकं बोट ठेवलं. रेंज नसेल तिथे काय करायचं हे आधी लेखी हवं: अमुक लक्षण, अमुक औषध, अमुक डोस, याच्या पुढे नाही. असं असेल तर ॲट्रोपिनचा पहिला डोस आणि आणीबाणीतलं ॲड्रेनलिनचं इंजेक्शन तंत्रज्ञानं द्यायला माझी हरकत नाही. पण त्या कागदावर जबाबदार डॉक्टरची सही हवी, आणि पेशंट दगावला तर जमाव गाडीतल्या पोराला नाही, सही करणाऱ्याला विचारेल अशी सोय हवी. सही करायला कोण तयार आहे, ते सांगा.

झाडीपट्टी:
तुम्ही कराल?

पीएचसीवाला:
दर महिन्याला नोंदवही माझ्यासमोर येणार असेल, तर करीन. नाहीतर नाही.