पवित्र शास्त्र खरं आहे हे पुराव्यावर किती ठरतं आणि विश्वासावर किती?

बिरुयाकर:
शास्त्राच्या सत्यतेबद्दल दोन टोकांची उत्तरं ऐकू येतात. काही जण म्हणतात, हस्तलिखितं आणि उत्खननं बघा, सगळं सिद्ध झालंय. बाकीचे म्हणतात, पुरावा मागणं हाच अविश्वास, पाहिल्याशिवाय विश्वास ठेवणार नाही म्हणणाऱ्या थोमाला प्रभूनं काय सांगितलं ते वाचा. मला दोन्ही पटत नाहीत. पुरावा नेमका कुठपर्यंत पोचतो? आणि ‘नव्या कराराची ५,८०० च्या आसपास ग्रीक हस्तलिखितं आहेत, म्हणून तो खरा’ हा युक्तिवाद चिकित्सक माणसापुढे टिकेल का?

पानटीप:
शेवटचा प्रश्न आधी घेतो. असा मांडला तर टिकणार नाही. मूळ लेखकानं लिहिलेला मजकूर आपल्यापर्यंत किती शाबूत पोचला, एवढंच प्रतींवरून कळतं. त्यानं लिहिलं ते घडलं का, हा वेगळा मुद्दा आहे. चुकीच्या कागदाच्याही हजार नकला निघू शकतात. शिवाय त्या आकड्यातल्या बहुतेक प्रती नवव्या शतकापासून पुढच्या आहेत. दुसऱ्या शतकातले म्हणता येतील असे तुकडे मोजकेच. मँचेस्टरच्या रायलँड्स ग्रंथालयातला पी ५२ घ्या (पपायरसवरच्या प्रतींना ‘पी’ क्रमांक देतात). तो ८.९ बाय ६ सेंमीचा तुकडा आहे. एका बाजूला योहान १८:३१-३३ चा भाग, दुसऱ्या बाजूला ३७-३८ चा, आणि एकही ओळ पूर्ण नाही. ‘इ.स. १२५ चा’ असं बेधडक सांगितलं जातं, पण हा काळ अक्षराच्या वळणावरून ठरवलेला आहे, त्यामुळे तो दुसऱ्या शतकाच्या अखेरीपर्यंत, कदाचित त्यापुढेही सरकू शकतो. एकच साल ठोकून सांगितलंत की जाणकार माणूस तुम्हाला तिथंच अडवतो, आणि मग तुमचे बरोबर असलेले मुद्देही त्याच्या कानावर पडत नाहीत.

प्रतींचा खरा उपयोग तुलनेत आहे. पाठभेद, म्हणजे प्रतींमधले फरक, लाखांत मोजावे लागतात हे खरं. पण त्यातले बहुतांश शुद्धलेखनाचे, शब्दक्रमाचे, एखादी ओळ नजरचुकीनं सुटल्याचे असतात, आणि प्रती पुष्कळ असल्यामुळेच ते पकडता येतात. मोठे प्रश्न थोडे आहेत, ते लपवू नका. मार्क १६:९-२० हा भाग सिनाइटिकस आणि व्हॅटिकनस या चौथ्या शतकातल्या दोन्ही प्रतींत नाही. व्यभिचारात धरलेल्या स्त्रीची गोष्ट, योहान ७:५३-८:११, त्या दोन्हींत नाही आणि त्यांहून जुन्या मानल्या जाणाऱ्या पी ६६ आणि पी ७५ मध्येही नाही. १ योहान ५:७ मधलं पिता, शब्द आणि आत्मा यांच्या साक्षीचं वाक्य ग्रीक नवा करार संपादून छापणाऱ्या इरास्मसनं १५१६ आणि १५१९ च्या आवृत्त्यांत घेतलं नव्हतं, १५२२ मध्ये घेतलं. त्रैक्याचं, म्हणजे पिता, पुत्र आणि आत्मा मिळून एकच देव या शिकवणीचं, समर्थन या वाक्यावर उभारणं मला अप्रामाणिक वाटतं. त्यासाठी दुसरी वचनं आहेत.

जुन्या करारातही असंच आहे. मृत समुद्राजवळच्या कुमरानच्या गुहांत सापडलेली यशयाची मोठी गुंडाळी ७.३४ मीटर लांब, इ.स.पूर्व दुसऱ्या शतकातली. ती सापडेपर्यंत हिब्रू जुन्या कराराची जी सर्वांत जुनी संपूर्ण प्रत हाती होती, ती लेनिनग्राड कोडेक्स, इ.स. १००८ च्या सुमाराची. हजारांहून अधिक वर्षांचं अंतर, आणि तरी मजकूर ओळखीचा. व्याख्यानं बहुधा इथंच थांबतात. त्याच गुहांमध्ये यिर्मयाचा एक तुकडा मिळाला, जो ग्रीक भाषांतरातल्या आखूड पाठाशी जुळतो, आणि तो पाठ नेहमीच्या हिब्रूपेक्षा सुमारे एक अष्टमांशानं लहान आहे. शमुवेलाच्या एका गुंडाळीत गल्याथाची उंची सहा हात आणि एक वीत नसून चार हात आणि एक वीत आहे, म्हणजे सुमारे २.९ मीटरऐवजी २ मीटर. यशया दाखवायचा आणि यिर्मया झाकायचा, हे करू नका.

खापरी:
उत्खननाबद्दल. त्यातून माणसं, पदं आणि जागा पडताळता येतात. १९६१ मध्ये कैसरियात, येशूला मृत्युदंड देणाऱ्या पिलाताच्या नावाचा दगड सापडला, त्यावर त्याचं पद ‘प्रीफेक्ट’ (रोमन प्रांताधिकारी) असं आहे. १९९३-९४ मध्ये तेल दान इथल्या लेखाच्या तुकड्यांत ‘दाविदाचं घराणं’ हे शब्द मिळाले. माझ्या मते सर्वांत मोलाचा डेल्फीचा शिलालेख. गल्लियो अखयाचा (दक्षिण ग्रीसचा) सुभेदार होता तो काळ त्यावरून इ.स. ५१-५२ च्या आसपास ठरतो, आणि प्रेषितांची कृत्ये १८:१२ मुळे पौल करिंथात कधी होता ते पक्कं होतं. पौलाच्या आयुष्यातल्या बाकीच्या तारखा बऱ्याच अंशी याच खुंटीला टांगलेल्या आहेत.

पण पिलाताचा दगड पिलात होता एवढंच सांगतो. येशूचा मृत्यू पापांसाठी होता हे कोणत्याही दगडावर सापडणार नाही. तो दावाच त्या जातीचा नाही.

आणि जिथं जुळत नाही तेही सांगा. १९५२-५८ च्या उत्खननात कॅथलीन केनियन यांनी यरीहोचा मोठा नाश इ.स.पूर्व १५५० च्या सुमाराचा ठरवला. यरीहो जिंकणाऱ्या यहोशवाचा काळ पंधरावं शतक धरा की तेरावं, त्यांच्या कालमापनाशी मेळ बसत नाही. लूक २:२ मध्ये येशूच्या जन्माशी जोडलेली, सीरियाचा रोमन सुभेदार क्विरिनिय याच्या वेळची नावनिशी (जनगणना) आहे. पहिल्या शतकातला यहुदी इतिहासकार जोसेफस याच्याप्रमाणे ती इ.स. ६ मध्ये झाली, तर हेरोद, ज्याच्या राज्यात मत्तय येशूचा जन्म ठेवतो, बहुतेकांच्या मते इ.स.पूर्व ४ मध्ये वारला. ‘क्विरिनिय सुभेदार होण्याआधीची नावनिशी’ असं त्या ग्रीक वाक्याचं भाषांतर सुचवलं गेलंय. व्याकरणानं ते अशक्य नाही, पण सहजही नाही. हा प्रश्न सुटलेला नाही असंच मी म्हणेन.

साक्ष:
आधी थोमाबद्दल. योहान २०:२९ वर थांबू नका, पुढची दोन वचनं वाचा. ही चिन्हं तुम्ही विश्वास धरावा म्हणून लिहिली आहेत, असं लेखक लगेच सांगतो. न पाहता विश्वास ठेवणाऱ्यांना धन्य म्हटलंय, पण त्यांच्या हातात पाहिलेल्यांची साक्ष दिलेली आहे. लूकही १:१-४ मध्ये सगळं मुळापासून तपासून लिहितोय असं सांगतो. इब्री ११:१ मध्ये ‘खातरी’साठी जो ‘एलेंखोस’ शब्द आहे, तो ग्रीकमध्ये तपासणी आणि सिद्धता यांसाठी वापरला जातो. पुराव्याला पाठ फिरवणं म्हणजे विश्वास, हे शास्त्राचं म्हणणं नव्हे.

पुरावा कुठं थांबतो ते १ करिंथ १५ मध्ये स्वच्छ दिसतं. पत्र साधारण इ.स. ५४ चं. तिसऱ्या वचनात पौल म्हणतो की मला जे मिळालं ते मी तुम्हाला सोपवलं, म्हणजे ते सूत्र पत्राहून जुनं आहे. म्हणून इतकं ठामपणे म्हणता येतं: येशूच्या मृत्यूनंतर फार थोड्या वर्षांत, तो उठलेला आम्हाला दिसला असं सांगणारी माणसं होती, आणि त्यातली काही नावानिशी ठाऊक होती. देवानंच त्याला उठवलं हे इतिहासाच्या साधनांनी ठरत नाही. तिथं त्या साक्षीदारांवर आणि त्यांच्या देवावर भरवसा ठेवावा लागतो.

‘हे देवाचं वचन आहे’ या दाव्याचंही असंच. २ तीमथ्य ३:१६ दाखवून तो सिद्ध करायला गेलात तर गोल फिराल. सोळाव्या शतकातला धर्मसुधारक कॅल्विन यानं म्हणूनच पवित्र आत्म्याच्या आंतरिक साक्षीचा आधार घेतला, आणि सतराव्या शतकातल्या वेस्टमिन्स्टर विश्वासांगीकारानंही (इंग्लंडमधल्या प्रॉटेस्टंट श्रद्धा-निवेदनानंही) पहिल्या अध्यायात तेच धरलं. बाहेरचे पुरावे मानायचे, पण पूर्ण खातरी आत्म्याकडून. ही साक्ष दुसऱ्याला दाखवता येत नाही, म्हणून वादात ती पुरावा म्हणून मांडू नका. मात्र ती मिळाली म्हणणाऱ्याचा विश्वास तेवढ्यानं अविवेकी ठरत नाही.

बिरुयाकर:
मग ‘शास्त्रात एकही चूक नाही’ असं म्हणणाऱ्यांचं यिर्मया आणि क्विरिनियाबद्दल काय म्हणणं असतं?

पानटीप:
शास्त्र बिनचूक मानणाऱ्या इव्हँजेलिकल पुढाऱ्यांचं १९७८ चं शिकागो निवेदन मुळातून वाचा. कलम १० प्रमाणे प्रेरणा काटेकोर अर्थानं मूळ प्रतींना लागू आहे, म्हणून पाठभेद तिथं आड येत नाहीत. कलम १३ प्रमाणे गोळाबेरीज आकडे, मोकळी अवतरणं, प्रसंगांची विषयवार मांडणी यांना चूक धरत नाहीत. क्विरिनिय मात्र यात बसत नाही, त्याचं उत्तर पुढे मिळेल असं धरून चालावं लागतं. कॅथलिक चर्चच्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेच्या १९६५ च्या ‘देई व्हेर्बुम’मधला अकरावा परिच्छेद वेगळ्या वाटेनं जातो. आपल्या तारणासाठी देवाला जे सत्य शास्त्रात हवं होतं, ते शास्त्र बिनचूक शिकवतं, असं तिथं म्हटलंय.

असा पुरावा तोलायची सवय लागावी म्हणून युनायटेड बायबल सोसायटीजचा ग्रीक नवा करार उघडून मार्क १:१ घ्या. तळटीपांत ए ते डी अशी अक्षरं असतात: ए म्हणजे पाठ निश्चित, डी म्हणजे निर्णय फारच अवघड. इथं ‘देवाचा पुत्र’ या शब्दांना सी आहे. सिनाइटिकसच्या पहिल्या लेखनिकानं ते लिहिलेले नाहीत. नजर घसरली असेल, कारण पवित्र नावं दोन-दोन अक्षरांत आखडून लिहायची रीत होती आणि इथं सलग चार नावांचं शेवटचं अक्षर एकच येतं. किंवा मुळात ते शब्द नव्हते आणि कुणी भक्तिभावानं घातले. दोन्ही बाजू स्वतः तोलून बघा, आणि मग १५:३९ मध्ये शताधिपती काय म्हणतो ते वाचा. तिथं हा वाद नाही.