अनुभव धागा: कामाच्या रगाड्यात कृपेचं भान कसं टिकतं?

प्रभूमध्ये सलाम. उपासनेत डोळे भरून येतात, कुणाची साक्ष, म्हणजे देवाचा आलेला अनुभव, ऐकताना आपोआप 'आमेन' निघतं. पण सोमवारी दुपारी, कामं अंगावर आलेली असताना कृपा, देवाची न कमावता मिळालेली माया, कुठे असते? उपदेश नको, तो पाळकसाहेब करतातच. तुमचं रोजचं काय ते लिहा. कृपेवरून नजर कधी हटते आणि परत कशाने वळते?

पाठदुखीवाला:
दुखणं जुनं आहे. बरं व्हावं म्हणून कितीतरी जणांनी डोक्यावर हात ठेवून प्रार्थना केली. एकाने तर तोंडावर सांगितलं, "तुमचा विश्वास कमी पडतोय." त्या रात्री बायबलमधलं २ करिंथ १२ उघडलं, प्रेषित पौलाचं पत्र. त्याला छळणारा 'शरीरातला काटा' जावा म्हणून पौलाने प्रभूला तीनदा विनंती केली. काटा गेला नाही, 'माझी कृपा तुला पुरेशी आहे' एवढं उत्तर आलं. आता पौलाचा विश्वास कमी पडला असं कोण म्हणेल? सकाळी उठताना मला आधी कुशीवर वळावं लागतं, मग कोपरावर भार, मग पाय खाली. तेवढ्यात तेच वाक्य तोडून तोडून म्हणतो. माझी कृपा. तुला. पुरेशी आहे. पाठ दुखतेच, पण दिवसाचा पहिला शब्द दुखण्याचा नसतो.

रात्रपाळीवाली:
'पहाटेचं मनन' म्हटलं की मला हसू येतं. पहाटे मी वॉर्डात इंजेक्शनं देत असते! निर्गम १६ मधला मान्ना, रानात देवाने इस्राएल लोकांना दिलेलं अन्न, मला जवळचा वाटतो. त्या दिवसापुरता गोळा करायचा, सकाळपर्यंत ठेवला तर किडे पडायचे. मीही एका पाळीला एकच वचन घेते. काल स्तोत्र १०३ मधलं होतं, त्याचे उपकार विसरू नको. हात धुताना दर वेळी एक उपकार आठवायचा. आमच्या कामात हात किती वेळा धुतात ते विचारू नका.

खुर्च्या उचलणारा:
माझं जरा वेगळं मत. कृपा, कृपा म्हणत हातावर हात ठेवून बसणारेही पाहिलेत. उपासनेनंतर खुर्च्या उचलायला ठरलेली दोनतीन माणसं, बाकीचे हस्तांदोलन करत दाराबाहेर. १ करिंथ १५:१० मध्ये पौल एका दमात सांगतो की जो काही आहे तो देवाच्या कृपेने आहे, आणि इतरांपेक्षा मी जास्त श्रम केले. लगेच पुढे, मी नव्हे, माझ्याबरोबरच्या कृपेने. खुर्च्या उचलताना हे वचन हाताशी लागतं, नाहीतर न थांबणाऱ्यांची यादीच मनात चालू होते.

(धागाकर्ती: खुर्च्यांचं दुखणं सगळ्याच मंडळ्यांत दिसतंय!)

आईजवळची:
यादीवरून लिहावंसं वाटलं. आई अंथरुणाला खिळलीय. औषधं, डायपर, रात्री उठून कूस बदलणं, सगळं माझ्याकडे. भाऊ अधूनमधून येतो, तासभर उशाशी बसतो, आणि आई पुढे कितीतरी दिवस त्याचंच नाव घेते. मत्तय २० मधल्या येशूच्या दाखल्यातले पहाटेपासून राबलेले मजूर का कुरकुरले, हे मला कुणी समजावायला नको. तासभर आलेल्यालाही तोच दीनार, दिवसभराची मजुरी! चीड येते, अजूनही येते. पण मी गोष्ट तिथेच सोडत नाही. मालक पहिल्यांना कमी देत नाही, ठरलेला दीनार पुरता त्यांच्या हातावर असतो. मग माझ्या हातावर काय आहे ते बघते. आईचे केस मी विंचरते, ती माझं बोट धरून झोपते. आणि माझं तारण, पापातून झालेली सुटका, काही या सेवेच्या मोबदल्यात मिळालेलं नाही. तिथे मीही तासभराचीच मजूर.

म्हणून मुकाट्याने सगळं ओढत राहायचं असंही नाही. परवा भावाला फोन करून सांगितलं, पुढच्या वेळी रात्री मुक्काम कर, कूस कशी बदलायची ते दाखवते. "बघतो," म्हणाला. प्रार्थनेत आठवण असू द्या.