चौथं वर्ष सक्तीचं नाही, ऐच्छिक विषय मात्र बघून घ्या

शिवाजी विद्यापीठाच्या कॉलेजात पदवीचं चौथं वर्ष करावंच लागतं का, असा प्रश्न विचारला जातो. नाही. नव्या शैक्षणिक धोरणाच्या राज्याच्या चौकटीत सहा सत्रांत किमान १२० क्रेडिट (विषय पूर्ण केल्यावर मिळणारे श्रेयांक) झाले की तीन वर्षांची पदवी मिळते. ऑनर्सला, म्हणजे चार वर्षांच्या पदवीला, १६० लागतात.

घोळ होतो तो खुल्या ऐच्छिक विषयात. तो मेजरच्या, म्हणजे मुख्य विषयाच्या, विद्याशाखेबाहेरचाच हवा. बी.कॉम.च्या मुलानं वाणिज्यातलाच घेतला तर त्या गटात तो धरता येत नाही, आणि मेजरचे जादा क्रेडिट तिथं वळवता येत नाहीत. कृपा करून मैत्रिणीनं घेतला म्हणून घेऊ नका.

क्रेडिट बँकेचा (मिळालेले क्रेडिट जिथं जमा होतात त्या ऑनलाइन खात्याचा) आयडी काढण्याआधी आधार आणि बारावीची गुणपत्रिका शेजारी ठेवा. एकीकडे आडनाव आधी, दुसरीकडे शेवटी असेल, तर आधी तेच दुरुस्त करा.