विषय: २५ तारखेचा उपदेश आणि ओसीआय कार्ड (कोल्हापूर)

प्रेषक: काका (मुक्काम शाहूपुरी, कोल्हापूर)

अमेरिकेतील आपल्या मंडळाच्या सर्वांना सप्रेम नमस्कार आणि जय ख्रिस्त.

इथल्या मंडळीच्या (चर्चच्या) नाताळच्या सकाळच्या उपासनेत उपदेश मीच करावा, असा पाळकसाहेबांचा आग्रह आहे आणि कार्यक्रमपत्रिका छपाईला द्यायची असल्यामुळे त्यांना रविवारपर्यंत उत्तर हवे आहे. आम्हा दोघांकडे अमेरिकेचे पासपोर्ट आणि ओसीआय कार्डे (भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकांना भारत सरकार देते ती) आहेत. हे कार्ड असल्यावर कसलीच परवानगी लागत नाही, असे इथले नातेवाईक ठामपणे सांगतात. वकील दादांचे मत मात्र वेगळे आहे, ते त्यांनी कृपया इथे सविस्तर लिहावे. हिचे काम आल्यापासूनच सुरू झाले आहे. मंडळीतील अंथरुणाला खिळलेल्या वृद्धांच्या घरी ती रोज दुपारी जाऊन बसते आणि सायंकाळी महिला मंडळाबरोबर फराळाच्या करंज्या करते.

प्रेषक: वकील दादा

आदरणीय काका,

ओसीआय कार्डाने आजीवन येण्याजाण्याची मुभा मिळते आणि कितीही दिवस राहिले तरी पोलिसांकडे नोंदणी करावी लागत नाही, एवढे आपल्या नातेवाइकांचे म्हणणे बरोबर आहे. परंतु गृह मंत्रालयाच्या ४ मार्च २०२१ च्या अधिसूचनेने संशोधन, पत्रकारिता, गिर्यारोहण, तबलीग (इस्लामचा प्रचार) आणि मिशनरी कार्य यांसाठी कार्डधारकांना विशेष परवानगी बंधनकारक केली आहे. ती परदेशातील भारतीय वकिलातीकडून किंवा भारतात विदेशी नागरिक नोंदणी कार्यालयाकडून घ्यावी लागते. व्हिसाविषयक मार्गदर्शक सूचनांचा आशयही ध्यानात घ्यावा: प्रार्थनास्थळी जाणे आणि प्रवचन ऐकणे यांना आडकाठी नाही, मात्र प्रार्थनास्थळी भाषण करणे, धर्मविषयक पत्रके वाटणे आणि धर्मप्रसार करणे यांना मनाई आहे. काकू करीत असलेली सेवा कोणतीही शेजारीण करील अशी आहे, तिच्याविषयी मला शंका वाटत नाही. व्यासपीठावरून उपदेश करणे मात्र थेट या मनाईत बसते, म्हणून परवानगी हाती नसताना आपण तो करू नये.

प्रेषक: ताई (माहेर कोल्हापूर)

दादांनी भाषणाविषयी लिहिले ते पटले. पण मग नाताळच्या फेरीचे काय? आमच्या लहानपणी रात्री उशिरापर्यंत कंदील आणि ढोलकी घेऊन आम्ही मंडळीतील घरोघरी गाणी म्हणत फिरत असू आणि ऊसतोडीच्या हंगामात आसपासच्या खेड्यांतही जात असू, तेव्हा हिंदू शेजारीही दारात उभे राहून ऐकत आणि हातावर ताजा गूळ ठेवीत. त्या फेरीत काका चालले तर तो धर्मप्रसार कसा होईल? शिवाय ज्या गावात अमेरिकन मिशनरी रॉयल वायल्डर १८५२ मध्ये येऊन राहिले, ज्यांचा मुलगा रॉबर्ट १८६३ मध्ये इथेच जन्मला आणि ज्यांच्या नावाचे चर्च आजही उभे आहे, त्या गावात आपल्याच माणसाला दोन शब्द बोलायला परवानगी लागावी, याचे मला मनापासून वाईट वाटते.

प्रेषक: वकील दादा

ताई, वायल्डर परके राज्य चालू असताना आले होते, त्यामुळे ती तुलना इथे लागू होत नाही. मंडळीच्या सभासदांच्या घरी, त्यांच्याच फेरीत, त्यांच्यासोबत गायला मला अडचण दिसत नाही. खेड्यात अनोळखी वस्तीत जाऊन गाणे आणि पत्रके देणे ही वेगळी गोष्ट आहे, कारण तिथे उद्या कोणी तक्रार केली तर उत्तर काकांना नव्हे, पाळकसाहेबांना द्यावे लागेल. पाहुणे जानेवारीत परत जातात, मंडळी तिथेच राहते.

प्रेषक: कोषाध्यक्ष

विषय कोल्हापूरचाच आहे म्हणून एक गोष्ट स्पष्ट करतो. मंडळीतील मुलांच्या स्वेटरसाठी मंडळाच्या नावाने पैसे गोळा करण्याची सूचना काही सभासदांनी मला परस्पर कळवली आहे. ती मला मान्य करता येणार नाही. आपले मंडळ ही परदेशी संस्था आहे, त्यामुळे आपली देणगी भारतात विदेशी अंशदान ठरते. ती फक्त विदेशी अंशदान कायद्याखाली नोंदणी किंवा पूर्वपरवानगी असलेल्या संस्थेला आणि २०२० च्या दुरुस्तीनंतर केवळ स्टेट बँकेच्या नवी दिल्ली मुख्य शाखेतील खात्यातच स्वीकारता येते. मंडळाचे खाते आणि पावतीपुस्तक माझ्या जबाबदारीत आहे आणि नाताळ असो वा गणेशोत्सव, या नियमाला मी अपवाद करणार नाही. काकांच्या हाती रोख देणे हाही मार्ग नव्हे, कारण परदेशी नागरिकाचा पैसासुद्धा विदेशीच धरला जातो.

प्रेषक: वहिनी

कोषाध्यक्षांनी घाई करू नये. आपल्यापैकी ज्यांचा पासपोर्ट अजून भारतीय आहे, त्यांनी स्वतःच्या बचतीतून बँकेमार्फत पाठवलेले पैसे विदेशी अंशदानात मोडत नाहीत. आम्ही दोघे त्यात बसतो. पाळकसाहेबांनी खाते कळवावे आणि मुलांची मापे पाठवावीत, आम्ही आमच्या नावाने पाठवू. त्यात मंडळाचे नाव कुठेही येणार नाही.

प्रेषक: ताई

काकांनी निदान शास्त्रपाठ तरी वाचावा. वाचन म्हणजे भाषण नव्हे.

प्रेषक: वकील दादा

ताई, तेही व्यासपीठावरूनच होणार आहे. काकांनी पोलीस अधीक्षक कार्यालयातील विदेशी नागरिकांच्या शाखेत लेखी विचारावे; लेखी उत्तर येईपर्यंत पत्रिकेत त्यांचे नाव कशालाच असू नये, असे माझे मत आहे.

प्रेषक: काका

सर्वांचे आभार. दादांचे पत्र मी पाळकसाहेबांना वाचून दाखवले. ते प्रथम हिरमुसले, कारण इतक्या लांबून आलेल्या वडीलधाऱ्या माणसाला व्यासपीठ देणे हा मंडळीच्या आदरातिथ्याचा भाग आहे आणि मी नाकारणे त्यांना अवमानासारखे वाटत होते. मी त्यांना सांगितले की, आम्ही या वयात नातवंडांना सोडून इथे आलो ते वर्षभर हे व्यासपीठ सांभाळणाऱ्या माणसाच्या हाताखाली काम करायला, त्यांच्या जागी उभे राहायला नव्हे. वर्षातील सर्वांत मोठ्या दिवशी मंडळीने आपल्याच पाळकाचे ऐकावे, हे मला नियम नसता तरीही योग्य वाटले असते. उपदेश आता तेच करतील. शास्त्रपाठ रविवारच्या शाळेतील एक मुलगी वाचेल आणि आम्ही दोघे बाकावर बसू. फेरीला आम्ही येऊ, पण फक्त सभासदांच्या घरी, आणि खेड्यातील फेरी तरुण संघ नेहमीप्रमाणे स्वतंत्रपणे काढेल. ही गुडघ्यांमुळे सगळी फेरी चालू शकत नाही, म्हणून परतणाऱ्यांसाठी चहा आणि करंज्या आमच्या घरी असतील.

वहिनी, मुलांची मापे मिळाली आहेत, ती पाळकसाहेब आपल्याला थेट पाठवतील. दादा, पुढच्या नाताळसाठी मी परतल्यावर वकिलातीकडे वेळेत अर्ज करणार आहे. त्यासोबत मंडळीचे पत्र जोडावे लागेल का, ते कळवावे. २५ तारखेला अमेरिकेतील आमच्या मुलांशी बोलण्याची वेळ इथली संध्याकाळी साडेसहाची ठरवली आहे, कारण तेव्हा तिकडे सकाळचे आठ वाजलेले असतात. त्या वेळेत कृपया मंडळाच्या कामासाठी फोन करू नये.