चुनखडीच्या रानात टोमॅटोला कॅल्शियम का मिळत नाही?

प्रश्न (वाळवा तालुका, जि. सांगली):
आमचे रान कृष्णाकाठचे, काळे व खोल असून त्यात वर्षानुवर्षे उसाशिवाय काही घेतलेले नव्हते. यंदा प्रथमच ठिबकवर टोमॅटो लावला आहे. माती परीक्षणात सामू (पीएच) ८.७, विद्युत वाहकता (विरघळलेल्या क्षारांचे माप) १.६ डेसीसायमन प्रति मीटर, मुक्त चुना १२ टक्के आणि सोडियम ‘जास्त’ असे आले. जुन्या पानांच्या कडा करपत असल्याने पालाश (पोटॅशियम) कमी पडत असेल असे समजून मी म्युरेट ऑफ पोटॅश हे पालाशयुक्त खत वाढवले. करपणे थांबले नाहीच, उलट फळांच्या बुडाला काळे, चामड्यासारखे डाग पडू लागले. दुकानदार याला कॅल्शियमची कमतरता म्हणतात. जमिनीत इतका चुना असताना हे कसे शक्य आहे?

उत्तर १ (निवृत्त प्राध्यापक, वनस्पतिशास्त्र):
दुकानदारांचे निदान बरोबर आहे. मुळाला चुनखडी शोषता येत नाही, पाण्यात विरघळलेले कॅल्शियमच लागते, आणि ८.७ सामूला चुनखडी फारच थोडी विरघळते.

मुळांच्या पेशींचे पटल कॅल्शियममुळे घट्ट राहते. सोडियम फार वाढले की ते पटलावरील कॅल्शियमची जागा घेते, पटल झिरपू लागते आणि पेशीतले पोटॅशियम बाहेर गळते. सोडियम व पोटॅशियम हे आयन इतके मिळतेजुळते आहेत की त्यांतून हवे ते निवडणे मुळाला पुरेशा कॅल्शियमशिवाय जमत नाही. सोडियम ज्या वाटांनी आत शिरते त्यांपैकी काही वाटा बाहेरचे कॅल्शियम अंशतः रोखते, आणि शिरलेले सोडियम परत बाहेर टाकणारी यंत्रणाही पेशीतल्या कॅल्शियमच्या संकेतानेच जागी होते. कॅलिफोर्नियातील एमॅन्युएल एपस्टाईन यांनी सहकाऱ्यासोबत १९६९ साली घेवड्याच्या रोपांना लिटरला ५० मिलिमोल, म्हणजे सुमारे तीन ग्रॅम, मीठ देऊन पाहिले, तेव्हा द्रावणात कॅल्शियम सल्फेट, म्हणजे आपले जिप्समच, पुरेसे असताना पानांत पोहोचणारे सोडियम खूपच घटले.

फळाची अडचण आणखी वेगळी आहे. कॅल्शियम पाण्याच्या ओघाबरोबर वर चढते आणि बाष्पोत्सर्जन जिथे जास्त तिथे, म्हणजे पानांत, जाऊन बसते. तिथून ते फळाकडे जवळजवळ परत येत नाही. क्षारांमुळे मुळांचे पाणी घेणे मंदावते, तेव्हा पहिली उपासमार फळाच्या टोकाची होते. त्यात आपण वाढवलेल्या पोटॅशने क्षार तर वाढवलेच, शिवाय कॅल्शियमच्या शोषणाशी स्पर्धाही लावली.

उत्तर २ (ऊस व भाजीपाला उत्पादक, शिरोळ):
प्राध्यापकसाहेबांचे विवेचन पटले, परंतु जिप्समचे नाव निघाले की लोक लगेच पोती आणतात, म्हणून लिहितो. आपली जमीन सामू पाहता चोपण, म्हणजे सोडियमने बिघडलेली, होत चालली आहे, आणि चोपणावर जिप्सम चालते. मात्र त्यातल्या कॅल्शियमने मातीच्या कणांवरून सुटे झालेले सोडियम पाण्याबरोबर रानाबाहेर गेले पाहिजे. मी स्वतः निचऱ्याची सोय न करता जिप्सम विस्कटले आणि पैसे वाया घालवले. सच्छिद्र पाइपांचा भूमिगत निचरा केल्यानंतरच फरक दिसला.

आणखी एक. जमीन क्षारपड ठरवण्याची विद्युत वाहकतेची ४ डेसीसायमनची मर्यादा संपृक्त, म्हणजे पाण्याने जेमतेम पूर्ण भिजवलेल्या, मातीच्या अर्काची असते. प्रयोगशाळा बहुधा एक भाग माती व अडीच भाग पाणी घेऊन मोजते, त्यात क्षार पातळ होऊन आकडा कमी येतो, त्यामुळे आपला १.६ हा आकडा दिसतो तितका निर्धोक नाही.

या पिकापुरते ठिबकमधून कॅल्शियम नायट्रेट थोडे थोडे द्यावे, परंतु फॉस्फरसयुक्त किंवा सल्फेटयुक्त खतांबरोबर एकाच टाकीत कालवू नये, साका बसतो. डाग पडलेली फळे सुधारत नाहीत, ती तोडून टाकावीत.

प्रश्नकर्ता:
दोघांचेही आभार. पोटॅश आजच थांबवतो. पाणी नदीचे नसून बोअरचे आहे, याने फरक पडतो का?

उत्तर १:
पडतो, आणि हे आधी सांगायला हवे होते. बोअरच्या पाण्यात बायकार्बोनेट जास्त असेल तर ते विरघळलेल्या कॅल्शियमचा पुन्हा चुना करून टाकते. पाण्याची तपासणी करून घ्यावीच, पण तोवर ड्रिपरच्या तोंडाशी पांढरा खडबडीत थर धरतो का ते पाहावे. धरत असेल, तर मुळांपर्यंत पोहोचायचे कॅल्शियम वाटेतच बसत आहे.