विषय: गुहागरच्या घरी इलेक्ट्रिक मोटरसायकल, चार्जिंगचा करंट किती ठेवावा?

नमस्कार मंडळी,

गुहागरला दादाने इलेक्ट्रिक मोटरसायकल घेतली आहे. नोकरी चिपळूणला, त्यामुळे रोज रात्री बॅटरी जवळजवळ रिकामी. चार्जिंग पडवीतल्या पॉवर प्लगवर होतं. परवा व्हिडिओ कॉलवर तो सहज बोलून गेला, पिन हात लावू देत नाही इतकी तापते आणि बोर्डापाशी करपल्याचा वास येतो! घर जांभ्याचं, वायरिंग बाबांच्या वेळचं. ॲपमध्ये ६, १० आणि १५ अँपिअर असे पर्याय आहेत, सध्या १५ वर आहे. कुणीतरी त्याला सांगितलंय की करंट कमी केला तर बॅटरी बिघडते. हे खरं का? घरात तो आणि आई दोघंच असतात. इथे टोरांटोत मला झोप लागत नाही.

---

ताई,

करपल्याचा वास येतोय म्हणजे त्या प्लगवर चार्जिंग आजपासून बंद. आधी मेन स्विच पाडून वायरमनकडून बोर्ड उघडून घ्या. माझं घर देवगडला. खाऱ्या वाऱ्याने पितळेच्या पट्ट्या हिरव्या-काळ्या पडतात, स्क्रू सैल होतात आणि सगळी उष्णता त्या एका जागी साठते. हे मी आमच्याच पडवीत पाहिलंय.

बॅटरीची काळजी सोडा. कमी करंटने ती बिघडत नाही, उलट कमी तापते. वायरमधली उष्णता करंटच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते, म्हणून १५ वरून १० वर आलात की ती निम्म्याहून कमी होते, ६ वर आलात तर साधारण सहावा हिस्सा. वेळ तेवढा वाढतो. २३० व्होल्टला ६ अँपिअर म्हणजे १३८० वॅट. बॅटरी ४ युनिटची धरली तर साडेतीन तासांच्या आसपास. रात्र त्याहून मोठी आहे. बिलात म्हणण्यासारखा फरक नाही.

एक गोष्ट नीट पाहा, ॲप मर्यादा अँपिअरमध्ये पाळतं की वॅटमध्ये. संध्याकाळी व्होल्टेज १९० पर्यंत उतरलं आणि चार्जर २३०० वॅटच ओढत राहिला, तर १० ऐवजी १२ अँपिअर वाहतात. विहिरीचा पंप त्याच लाइनवर असेल तर दोन्ही एकदम नकोत.

अर्थिंगही तपासा. जांभ्यात पाणी टिकत नाही, एप्रिल-मेमध्ये अर्थिंगचा खड्डा कोरडा ठणठणीत होतो आणि अर्थिंग नावालाच उरतं. त्यात पाणी घालत राहायचं. शिवाय ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे करंट गळायला लागला की लगेच वीज तोडणारा स्विच, हवाच. पावसात ओल्या पडवीत गाडीला हात लावणारी माणसं आपलीच आहेत. एक्स्टेंशन बोर्ड मात्र अजिबात वापरू नका.

— मेलबर्नहून, मूळचा देवगडचा

---

काका,

तुमचं पत्र दादाला वाचून दाखवलं. वायरमनने बोर्ड उघडला तर फेजचा स्क्रू सैल होता, टोक काळं झालं होतं आणि मेन स्विचपासून आलेली वायर दीड एमएमची निघाली. आता चार एमएमची स्वतंत्र तांब्याची लाइन, नवा १६ अँपिअरचा सॉकेट आणि आरसीसीबी बसवलाय. ॲप अँपिअरमध्येच मोजतं, ६ वर ठेवलंय. पहिल्या रात्री दर अर्ध्या तासाने त्याने पिनला हात लावून पाहिला, कोमटसुद्धा नव्हती. घाईच्या दिवशी १० करेन म्हणतो. पंप आई आता सकाळी लावते.