ट्रिपल लिव्हरेज ईटीएफ घ्यावा का? (बजेट 2000 डॉलर)

जर्सीकर_मेघना: मंडळी, 401के (नोकरीतलं निवृत्तीचं खातं), अडीअडचणीचे पैसे सगळं जागच्या जागी आहे. बाजूला 2000 डॉलर आहेत, बुडाले तरी चालतील. टीक्यूक्यूक्यू (शेअरसारखा विकत मिळणारा फंड, म्हणजे ईटीएफ; नॅस्डॅक-100 या अमेरिकी निर्देशांकाच्या रोजच्या चालीच्या तिप्पट) घेऊन चार-पाच वर्षं विसरून जाऊ, की एसक्यूक्यूक्यू (त्याच चालीच्या उलटा तिप्पट) घेऊन मंदीवर लावू? ॲपवर एक टिक केली की खरेदी चालू, म्हणून जरा धाकधूक आहे. या दोनातलंच सांगा प्लीज.

सदाशिवपेठी: दोन्ही नको. आणि 2000 मध्ये काय होतंय? किमान वीस हजार काढा, साधा एस अँड पी 500 घ्या.

अप्पा_चौकवाले: 2022 आठवा. नॅस्डॅक-100 साधारण 33 टक्के पडला, टीक्यूक्यूक्यू जवळपास 79. तिथून बरोबरीत यायला पावणेपाचपट व्हावं लागतं.

बिनधास्त_बाळ्या: आमच्या मेव्हण्याने तळाला घेतला होता. आता टेस्ला फिरवतोय. ज्याची छाती त्याने घ्यावं.

अप्पा_चौकवाले: तळ होता हे मेव्हण्याला नंतर कळलं ना?

गणितमास्तर: 'रोजच्या' हा शब्द कोणी नीट वाचत नाही. निर्देशांक 100 वरून 90, दुसऱ्या दिवशी परत 100. तिप्पटवाला 70 वर जाऊन 93.33 लाच थांबतो. उलटा एकपट फंडसुद्धा 110 वरून 97.78. बाजार जागच्या जागी, तुम्ही मात्र खाली. सरळ चढत्या बाजारात हेच गणित फायद्याचं ठरतं, तेही सांगतो. पण एसक्यूक्यूक्यू ठेवून विसरायची वस्तू नव्हे. फिन्राने (अमेरिकेतली ब्रोकरांवर देखरेख करणारी संस्था) 2009 मध्येच ब्रोकरांना बजावलंय की एका सत्रापेक्षा जास्त धरून ठेवणाऱ्या किरकोळ गुंतवणूकदारांना हे सहसा योग्य नाहीत.

म्युनिकचा_बंडू: तुम्हाला टिक तरी मिळते! इथे युरोपियन माहितीपत्रक नाही म्हणून अमेरिकन ईटीएफच मिळत नाहीत, साधेसुद्धा. तिप्पटवाले इथले वेगळे मिळतात, गंमतच आहे.

सिंगापूरकाकू: आमच्याकडे आधी शिक्षण-अनुभव विचारतात, नाहीतर ऑनलाइन परीक्षा. कोरियात तर 1 कोटी वॉन खात्यात आणि वर शिकवणी.

पुणेरी_ट्रेडर: भारतात असले म्युच्युअल फंड नाहीतच. एसआयएफ (विशेष गुंतवणूक फंड) आलेत, पण किमान 10 लाख, आणि हेजिंगशिवायचं शॉर्ट (भाव पडण्यावर उघडा डाव) 25 टक्क्यांपर्यंतच. सेबीला आमची फार काळजी.

सदाशिवपेठी: काळजी? ऑप्शन मात्र सगळ्यांना खुले! सेबीच्याच अभ्यासात तीन वर्षांत 93 टक्के लोक एफ अँड ओमध्ये (फ्युचर्स-ऑप्शन) तोट्यात.

पुणेरी_ट्रेडर: मी उरलेल्या सातात आहे.

बिनधास्त_बाळ्या: सगळेच उरलेल्या सातात असतात 😄

अप्पा_चौकवाले: एक्सआयव्ही विसरलात का? 5 फेब्रुवारी 2018, बाजाराची अस्थिरता कमी होईल यावर डाव, एका फटक्यात 90 टक्क्यांहून जास्त साफ.

सिंगापूरकाकू: ते ईटीएन (बँकेने काढलेलं कर्जपत्र) होतं हो, ईटीएफ नाही.

अप्पा_चौकवाले: बुडणाऱ्याला काय फरक पडतो?

जर्सीकर_मेघना: सगळ्यांचे आभार, मास्तरांचे विशेष. एसक्यूक्यूक्यू बाद. टीक्यूक्यूक्यू घेतला, पूर्ण 2000 चा, रॉथ आयआरएमध्ये (निवृत्तीचं करसवलतीचं खातं). टॅक्सची कटकट नको.

सदाशिवपेठी: मग विचारलं कशाला?

गणितमास्तर: रॉथमध्ये तोटा झाला तर टॅक्समध्ये वजावट मिळत नाही, बघितलंत ना?